गहूवाला आणि गोठेवाला : भागीदारी कागदावर हवी का?

सांवेरकर
हार्वेस्टर फिरून गेला की आमच्या शेतात नरवाई (गव्हाचे खुंट) उभी राहते. जाळली तर २५०० ते १५००० रुपये दंड. आणि शेजारचा गोठेवाला भुसा विकत आणतो! याच नरवाईचा भुसा करणारी मशीन एकट्याला परवडत नाही, दोघांत घेता येईल. माझं म्हणणं, इंदूरच्या आसपास गहूवाले आणि दूधवाले यांनी नोंदणी करून भागीदारी फर्म काढावी, सरकारने स्टॅम्प ड्यूटी माफ करावी. नोंदणी नसलेल्या फर्मला १९३२च्या कायद्याप्रमाणे करार मोडणाऱ्यावर दावासुद्धा लावता येत नाही.

गोठेवाला देपालपूर
दावा लावून काय करू भिया? कापणीला भुसा स्वस्त, पावसाळ्यात भाव चढतो. तेव्हा गहूवाला म्हणणार, "यंदा उरलाच नाही." कोर्टाची तारीख लागेपर्यंत म्हशी काय स्टॅम्प पेपर खाणार?

राजेंद्रनगरकर
करसल्लागार म्हणून सांगतो, फर्म नकोच. फर्मच्या कर्जाला प्रत्येक भागीदार पूर्ण जबाबदार असतो. दूधवाल्याने फर्मच्या नावावर म्हशी घेतल्या आणि लाळ्या-खुरकूत आली, तर बँक सांवेरकरांच्याही दारात. शिवाय गव्हाचं उत्पन्न आयकरातून माफ, दुधाचं नाही. हिशेब वेगळे ठेवावेच लागतील. त्यापेक्षा उत्पादक कंपनी (शेतकरी-पशुपालकांच्याच मालकीची कंपनी) काढा. दहा उत्पादक पुरतात, जबाबदारी शेअरपुरती.

सांवेरकर
साहेब, तुमचा जबाबदारीचा मुद्दा पटला. पण दोन घरांच्या भुशासाठी दहा माणसं, संचालक मंडळ, दरवर्षी ऑडिट? नाकापेक्षा मोती जड.

लोकमान्यनगरची मावशी
सगळे सह्यांचं बोलताय, सही कोण करणार? माझ्या माहेरी खसऱ्यावर (जमिनीच्या नोंदीत) नाव भावाचं, पहाटे धारा वहिनी काढते, शेणही तीच उचलते. तुमच्या फर्ममध्ये बसणार भाऊच. उत्पादक कंपनीत जमीन नावावर नसली तरी म्हशी पाळणारी सभासद होते, आणि शेअर कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच. मला तेवढ्यासाठी ऑडिट चालेल.

गोठेवाला देपालपूर
मावशी, कंपनी निघाली तर आमच्या घरून बायकोचंच नाव देतो, ती माझ्यापेक्षा हिशेब चोख ठेवते. पण यंदापुरतं सांवेरकरांना विचारतो : मशीनचं भाडं अर्धं-अर्धं, भुसा कापणीलाच माझ्या गोठ्यात उतरवा, शेणखताच्या ट्रॉल्या मी मेअखेर तुमच्या बांधावर टाकतो. हवं तर एका पानावर लिहून घ्या. पण एकाच हंगामाचं.

सांवेरकर
ट्रॉल्या किती ते आधी बोला.