मदत हवी आहे: पुराचं पाणी विहिरीत गेलंय, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) नक्की किती टाकायची?

कुंभीकाठ
गगनबावडा तालुक्यातली वाडी आहे. पिण्याची विहीर पुरात पूर्ण बुडाली होती, आज काठ दिसायला लागलाय. टीसीएल आहे. किती टाकायची त्याचा एकच आकडा सांगा. कुठं हजार लिटरला अडीच ग्रॅम लिहिलंय, कुठं दीडशे. ग्रामसेवक मांडुकलीच्या पलीकडे अडकलेत, रस्त्यावर पाणी आहे. दोन घरांत जुलाब सुरू झालेत. रेंज जाते-येते, लवकर सांगा.

जुना_जलसुरक्षक
दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण कामं वेगळी. अडीच ग्रॅम ही रोजची मात्रा, पाणी स्वच्छ आणि पावडर ताजी असेल तेव्हाची. दीडशे ग्रॅम रिकामी टाकी किंवा बोअर निर्जंतुक करायला, ते पाणी प्यायचं नसतं, सोडून द्यायचं असतं. तुमच्या विहिरीला यातलं काहीच सरळ लागू होणार नाही. आधी हे सांगा:
विहिरीचा व्यास किती? आत्ता तळापर्यंत पाणी किती फूट? बांधकाम कशाचं? पाण्याचा रंग कसा? पावडरची पिशवी कधीची आणि उघडी की बंद? पाणी पोहऱ्यानं काढता की मोटर आहे?

आबा_शिरोळ
एवढं विचारत बसू नका हो. सरळ दोन इंजिनं लावा, विहीर तळापर्यंत उपसा, गाळ काढा, मग पावडर टाका. शिरोळकडं पूर उतरला की विहिरी अशाच साफ करतात.

वारणा_स्थापत्य
आबा, हे आज अजिबात करू नका, आणि कुंभीकाठ, तुम्हीही ऐकू नका. नदी अजून भरलेली आहे, आजूबाजूची जमीन पाण्यानं तुडुंब आहे. विहीर एकदम रिकामी केली की आतला आधार जातो आणि बाहेरचं पाणी भिंतीला आत ढकलतं. कोरडा दगडी बांध किंवा जांभ्याची चिरेबंदी असेल तर कडं ढासळतं, माणूस आत असेल तर गाडला जातो. उपसा करायचाच तर नदी पात्रात गेल्यावर, आणि तोही टप्प्याटप्प्यानं: तीन-चार फूट काढा, थांबा, भिंतीतून माती येते का बघा, मग पुढं. शिवाय डिझेल इंजिन विहिरीत उतरवायचं नाही. धुराचा विषारी वायू खालीच साठतो.

आबा_शिरोळ
आमच्याकडं सिमेंटच्या रिंगा आहेत, त्यांना काही होत नाही.

वारणा_स्थापत्य
रिंगांचेही सांधे सरकतात. आणि गगनबावड्यात जांभा असायचीच शक्यता जास्त. त्यांना आधी सांगू द्या.

कुंभीकाठ
व्यास १५ फूट. दोरी टाकून बघितलं, पाणी २२ फूट. जांभ्याचीच आहे. पाणी लाल, गढूळ. पावडर ५ किलोची पिशवी, गेल्या वर्षीची, उघडी. मोटर आहे, आज सकाळी चालू केली. आता आकडा सांगा.

जुना_जलसुरक्षक
मोटर चालू केली म्हणजे पाणी टाकीत गेलं का? टाकी किती लिटरची? तेच पाणी नळाला सोडलं का?

कुंभीकाठ
१०,००० लिटरची. हो, सोडलं. सगळे पाणी-पाणी करत होते.

जुना_जलसुरक्षक
मग सगळ्यात आधी हे करा. टाकीचा नळाकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करा आणि घरोघर निरोप द्या: आजचं नळाचं पाणी पिण्याला, भांड्याला, दात घासायला वापरायचं नाही. ज्यांनी भरून ठेवलंय त्यांनी ओतून द्यावं. विहिरीचं उद्या बघू, तिचं पाणी आज पिण्याजोगं होणार नाही. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीतच खर्ची पडतो, जंतूपर्यंत पोचत नाही. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन मागं वर्तमानपत्र धरा. अक्षरं वाचता येत नसतील तोवर पावडर टाकणं वाया.

सोलर_सतीश
वाडीवर एक यूव्ही फिल्टर बसवा, सौर पॅनेलसकट येतो. कायमचा प्रश्न सुटेल, दरवर्षीची ही कटकट नको.

जुना_जलसुरक्षक
गढूळ पाण्यातून यूव्हीचा किरण आरपार जात नाही, त्यामुळं तिथंही आधी पाणी निवळावंच लागतं. आणि यूव्हीनंतर पाण्यात काहीच शिल्लक राहत नाही, पाइपात परत घाण शिरली की संपलं. वस्तीला क्लोरीनच लागतो.

आरोग्यवाट
मग आज प्यायचं काय, हे कुणी सांगितलेलं नाही. तुमच्याकडं पाऊस चालू आहे, त्याचाच उपयोग करा. १० बाय १० फुटांची स्वच्छ ताडपत्री चार खांबांना बांधा, मधोमध झोळ आणि खाली पिंप. ५० मिलिमीटर पावसात साडेचारशे लिटरच्या आसपास पाणी मिळतं. पहिली पंधरा मिनिटं पाणी वाहू द्या, मग पिंप लावा. या पाण्यालाही क्लोरीनची गोळी टाकायचीच: अर्ध्या ग्रॅमची एक गोळी २० लिटरला, मग अर्धा तास झाकून. गोळ्या आशाताईंकडं असतील. मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण) मिळालं तर बाटलीवरचं प्रमाण बघून. नाहीच तर उकळा, पाणी खळखळायला लागल्यावर निदान एक मिनिट.
जुलाब असलेल्यांना आत्ताच ओआरएस सुरू करा: मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्ध्या पाकिटाचा अंदाज घ्यायचा नाही. लहान मूल सुस्त झालं, डोळे खोल गेले, लघवी होत नाही असं दिसलं तर १०८ ला फोन लावा. रस्ता बंद असेल तर १०७७ ला जिल्हा आपत्ती कक्षाला कळवा, बोट तिथून ठरते. रुग्ण किती आणि वयं काय?

कुंभीकाठ
चार जण. दोन लहान. ओआरएस चालू आहे. १०७७ ला लावतो.

पंचनामा_माहिती
सर्वांनी लक्षात ठेवा, घर झाडून-पुसून घ्यायच्या आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा फोटो काढा, शेजारी फूटपट्टी किंवा काठी धरून. २०२२-२३ ते २०२५-२६ साठीच्या आपत्ती निधीच्या निकषांत कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये प्रति कुटुंब ठरले होते. दुभती गाय-म्हैस ३७,५००, शेळी-मेंढी ४,०००, गोठा ३,०००. शेतात तीन इंचांपेक्षा जास्त गाळ बसला तर तो काढायला हेक्टरी १८,०००. राज्य सरकार त्या त्या पुराला वेगळा निर्णय काढून रक्कम वाढवतं. २०१९ ला ग्रामीण कुटुंबाला १०,००० जाहीर झाले होते. मेलेलं जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला, निदान फोटो आणि कानातल्या बिल्ल्याचा नंबर हवाच.

आरोग्यवाट
माहिती चांगली आहे, पण त्यांनी हे विचारलेलं नाही. मेलेल्या जनावराचं मात्र लागू आहे: विहिरीच्या वरच्या अंगाला पुरू नका.

पंचगंगा५५
हे सगळं कर्नाटकातल्या आलमट्टी धरणामुळं होतंय. ५१९.६० मीटरला पाणी अडवून ठेवतात, आणि आता उंची ५२४ च्या वर न्यायची म्हणतात. त्यावर कुणी बोलत नाही.

वारणा_स्थापत्य
शिरोळच्या फुगवट्याबद्दल (धरणामुळं मागं तुंबणारं पाणी) वाद घालायला मी तयार आहे, पण कुंभी नदी तिथून कितीतरी वर, घाटमाथ्याला आहे. तिथं पूर येतो तो एका रात्रीत पडणाऱ्या पावसानं आणि धरणाच्या विसर्गानं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका पातळीसुद्धा या वाडीला उपयोगाची नाही. तिथं आकडा चढेपर्यंत यांचा साकव कधीच पाण्याखाली गेलेला असतो. वेगळा धागा काढा.

जुना_जलसुरक्षक
विहिरीकडं या. कुंभीकाठ, हिशेब असा.
व्यास × व्यास × ०.७८५ × पाण्याची खोली, सगळं फुटांत. येईल त्याला २८.३ नं गुणा, लिटर मिळतील. तुमचं १५ × १५ × ०.७८५ × २२ म्हणजे ३,८८६ घनफूट, सुमारे १,१०,००० लिटर. उद्या पाणी उतरेल, तेव्हा परत दोरी टाकून मोजा.
आता पावडर. ताज्या टीसीएलमध्ये क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास. उघड्या पिशवीत वर्षभर, तेही तुमच्या पावसाळ्यात, तो अर्ध्यावर किंवा त्याहून खाली आलेला असू शकतो. म्हणून पुस्तकातला आकडा घेऊ नका, बादल्यांची चाचणी करा. पावडर जेवढी निर्जीव तेवढी जास्त लागेल, आणि ते चाचणीतच कळेल.
३० ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात ढवळा, दहा मिनिटं ठेवा, वरची नितळ निवळी घ्या. विहिरीचं निवळलेलं पाणी चार बादल्यांत १०-१० लिटर. सुईशिवायच्या इंजेक्शनच्या नळीनं पहिल्या बादलीत २ मिली, दुसरीत ४, तिसरीत ६, चौथीत ८. ढवळून अर्धा तास झाका. मग प्रत्येकातलं पाणी क्लोरोस्कोपच्या (क्लोरीन मोजायचा संच) नळीत घेऊन ओटीचे (क्लोरीन असला की पिवळं होणारं द्रावण) थेंब टाका आणि रंग दहा सेकंदांच्या आत बघा, उशिरा येणारा पिवळेपणा धरायचा नाही. ज्या बादलीत सगळ्यात कमी निवळीत ०.५ चा (लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन) पिवळा रंग येईल ती तुमची मात्रा.
मिलीला ३ नं गुणलं की हजार लिटरला लागणारी पावडर ग्रॅममध्ये मिळते. ४ मिली आलं तर १२ ग्रॅम.

तुरटीवाले_गुरुजी
विहिरीत तुरटी टाकली तर गढूळपणा रात्रीत खाली बसेल. दोन-तीन किलो टाका.

जुना_जलसुरक्षक
गुरुजी, विहिरीत नको. तुरटीचा गाळ तळाशी बसतो आणि मोटर चालू झाली की तोच उसळून वर येतो. तुरटी घरच्या पिंपात वापरा: १० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवा, त्यातलं २० मिली दहा लिटरच्या बादलीला. एक मिनिट जोरात, दहा मिनिटं हळू ढवळा, दोन तास हलवू नका. वरचं पाणी कापडातून गाळा, मग क्लोरीन. उलट क्रम केला तर क्लोरीन मातीत जातो.

तुरटीवाले_गुरुजी
क्रम मान्य. पण विहीर चार दिवस निवळली नाही तर काय करणार?

वारणा_स्थापत्य
बाहेरून येणारं पाणी थांबलं तर निवळते. काठाभोवती फूटभर उंच मातीची भर घाला, उतार बाहेरच्या बाजूला. जांभ्याच्या भिंतीतून पाझर असतोच, पण वरून वाहत येणारी घाण तरी थांबेल. मोटरचा फूट व्हॉल्व्ह (पाणी ओढणारं टोक) तळापासून निदान तीन फूट वर घ्या.

बोअरवाला_कागल
मोटरचं स्टार्टर पाण्यात होतं का? होतं तर सकाळी चालू केलीत ते फार धोक्याचं होतं. पॅनेल उघडा, गाळ धुवा, उन्हात नाहीतर दिव्याखाली वाळवा. ५०० व्होल्टच्या मेगरनं मोटरचं इन्सुलेशन बघा, एक मेगाओमच्या खाली असेल तर चालू करू नका. डीपीला स्वतः हात लावायचा नाही, महावितरणचा माणूस येऊ दे.

कुंभीकाठ
स्टार्टर वर शाळेच्या भिंतीला आहे, कोरडं. टाकीचं काय करू? १०,००० लिटरला हजारी दीडशेनं दीड किलो लागेल ना?

जुना_जलसुरक्षक
ताज्या पावडरचं दीड. तुमची निम्म्यावर आली असेल तर तीन किलो, मग विहिरीला काय उरणार? टाकी पूर्ण रिकामी करा, गाळ काढा, १५ लिटरच्या बादलीत २०० ग्रॅम पावडर कालवून ती निवळी ब्रशनं भिंतींना आणि तळाला घासा. अर्धा तास ठेवा, धुऊन पाणी वॉशआउटनं बाहेर काढा, ओढ्यात जाऊ देऊ नका, मासे मरतात. झाकण उघडं, आत एकच माणूस, तोंडाला रुमाल, हातमोजे, दुसरा वर उभा. डोकं गरगरलं की लगेच बाहेर.
नाल्यावरून जाणाऱ्या पाइपाचे सांधे आणि व्हॉल्व्हचे खड्डे बघा. खड्ड्यात पाणी साचलेलं असेल तर मोटर बंद झाल्यावर पाइप तेच आत ओढतो. किती ठिकाणी जुलाब होतात त्याचं मूळ तिथं असतं.

कुंभीकाठ
(दुसऱ्या दिवशी)
बोट आली, एका मुलाला नेलं, आता बरा आहे. विहिरीत अक्षरं दिसतात. पाणी १९ फूट. ओटीची बाटली आशाताईंनी दिली. २ मिलीला रंग नाही, ४ ला अगदी फिका, ६ ला बरोबर ०.५. म्हणजे १८ ग्रॅम?

जुना_जलसुरक्षक
हो. १९ फुटांना ९५,००० लिटर, म्हणजे १,७१० ग्रॅम. सगळी एका बादलीत ओतू नका. बादलीला १०० ग्रॅम, म्हणजे सतरा बादल्या. आधी थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटं थांबा, फक्त निवळी विहिरीत. खालचा चुना विहिरीत जाता कामा नये. निवळीची बादली दोरीनं पाण्याखाली नेऊन वर-खाली हलवा, चारही बाजूंना. एक तासानं ओटी करा. ०.५ आलं की मोटर चालू करून शेवटच्या नळालाही तपासा, तिथं निदान ०.२ दिसायला हवं.

कुंभीकाठ
काल संध्याकाळी विहिरीत ०.५, शेवटच्या नळाला ०.२. पण आज सकाळी विहिरीत रंगच नाही. पावडर वाया गेली का?

जुना_जलसुरक्षक
वाया नाही. जांभ्यातून नवं पाणी पाझरतंय. नदी उतरेपर्यंत रोज पहाटे, मोटरच्या एक तास आधी मात्रा द्या, दर वेळी मोजून. पाणी नितळ होत जाईल तशी मात्रा कमी लागेल, म्हणून दोन दिवसांनी बादल्यांची चाचणी परत.

आरोग्यवाट
जलजीवन मिशनच्या चाचणी संचातल्या एचटूएसच्या बाटल्या ग्रामपंचायतीत असतील. क्लोरीन टाकायच्या आधीचं पाणी भरून ठेवा, २४ ते ४८ तासांत काळी झाली तर मैला पोचतोय. विहिरीजवळ शौचाचा खड्डा किती अंतरावर आहे?

कुंभीकाठ
एक आहे, साधारण ४० फुटांवर. वरच्या बाजूला.

वारणा_स्थापत्य
मग तो खड्डा आत्तापासून बंद ठेवा. जांभ्यात भेगा असतात, ४० फूट काहीच नाही. पूर ओसरल्यावर ग्रामसभेत तो खालच्या बाजूला हलवायचा ठराव घ्या, नाहीतर पाण्याच्या तपासणीत तुम्हाला धोक्याचं लाल कार्डच मिळेल.

कुंभीकाठ
ठीक आहे. पुढच्या वर्षासाठी काय आणि किती भरून ठेवायचं? १४० माणसं आहोत.

जुना_जलसुरक्षक
पिण्या-स्वयंपाकाला माणशी ५ लिटर धरा, रोज ७०० लिटर, म्हणजे २० लिटरच्या ३५ गोळ्या. दहा दिवसांना ३५०. टीसीएल १० किलो, मे महिन्यात नवीन, झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात. लोखंडी डबा गंजतो. युरियाच्या खोलीत तर ठेवायचीच नाही, ओल लागली की दोन्ही मिळून विषारी वायू होतो. ओटीच्या दोन बाटल्या, तारीख बघून. दोन ताडपत्र्या, ओआरएसची १०० पाकिटं. सगळं शाळेत वरच्या फळीवर, किल्ली दोघांकडं. साकवाच्या खांबावर फुटांच्या रेषा रंगवा आणि कुठल्या रेषेला मोटर बंद करून विहिरीचं झाकण बांधायचं ते आधीच ठरवा.

आबा_शिरोळ
झाकण बांधून काय होणार, पाणी वरून जातंच की.

जुना_जलसुरक्षक
पाणी जातं आबा, पण मेलेली कोंबडी, लाकडं आणि उकिरडा तरी आत पडत नाही. बारीक जाळी आणि वरून ताडपत्री, चार बाजूंनी तारेनं बांधलेली.