शाळेत शिक्षक आहे, खाजगी शिकवणी घ्यावी की नको? सल्ला हवा आहे

खडू_फळा:
नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण पूर्ण वाचून मगच सांगा ही विनंती.

मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका खाजगी संस्थेच्या हायस्कूलमध्ये आहे, आठवी ते दहावी गणित शिकवतो. शाळा अंशतः अनुदानित, सध्या ४० टक्के टप्प्यावर. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी, सरकार आमच्या पगाराचे ४० टक्केच देतं, उरलेले संस्थेने द्यायचे असतात पण संस्थेकडे असतील तर देणार ना, त्यामुळे सगळं कापून हातात पंचवीस हजाराच्या आसपास येतात. काम मात्र शंभर टक्के. शाळा विनाअनुदानित होती तेव्हा तर जवळजवळ फुकटच शिकवलं, शालार्थ आयडी (सरकारी पगाराच्या ऑनलाईन प्रणालीतला क्रमांक) मिळाला तेव्हा कुठं खात्यावर पगार दिसायला लागला. घरी आईवडील, वडिलांची शुगर-बीपीची औषधं, मुलगी पहिलीला, घराचा हप्ता. पुढचा टप्पा मिळेल मिळेल म्हणून आझाद मैदानावर जाऊन बसून आलो, पण महिन्याच्या दहा तारखेला बँक टप्पा वगैरे विचारत नाही.

आता मुद्दा. पालक स्वतःहून मागं लागलेत की सर तुम्ही घरी क्लास घ्या. परवा पालकसभा संपल्यावर एका मुलीची आई थांबली, तिनं पिशवीतून रुमालात बांधलेले पैसे काढले आणि म्हणाली सर हे ॲडव्हान्स समजा, पण तुमच्याच हाताखाली शिकू दे तिला. मी पैसे परत दिले. पोरगी हुशार आहे, वर्गसमीकरणात फक्त सूत्र पद्धतीला अडखळते, उणे चिन्ह वर्गमुळाच्या आत गेलं की गडबडते, एवढ्यासाठी क्लास लावायची गरजच नाही, मधल्या सुट्टीत दोन-तीनदा बसवलं की झालं. पण मला खटकलं ते वेगळंच. ती बाई पैसे देत होती ते गणितासाठी का मार्कांसाठी? दहावीला बीजगणित-भूमितीचे ४०-४० चे दोन पेपर आणि २० मार्क अंतर्गत, ते २० माझ्या हातात आहेत हे गावात सगळ्यांना माहीत असतं.

मुख्याध्यापक तोंडी म्हणतात घ्या हो, सगळेच घेतात, फक्त बोर्ड लावू नका. दोन सहकारी बायकोच्या नावावर क्लास चालवतात. माझे प्रश्न असे:

कायद्यानं नक्की काय आहे, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतच म्हणतात मग नववी-दहावीची मुलं चालतात का? दुसऱ्या शाळेची मुलं घेतली तर? आणि नियम बाजूला ठेवला तरी घेणं बरोबर आहे का? शिक्षक असाल, पालक असाल, क्लासवाले असाल, मोकळेपणानं लिहा.

निवृत्त_हेडसर:
सर, आधी नियमाचं बघू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९, कलम २८. कोणत्याही शिक्षकाने खाजगी शिकवणीचं काम करू नये इतकं ते सरळ आहे, त्याला पोटकलमं-बिटकलमं काही नाहीत. कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे हे खरं, म्हणून काही जण नववी-दहावीची पळवाट सांगतात. पण तुम्ही आठवीलाही शिकवता, म्हणजे तुम्ही त्या कायद्यातले शिक्षक आहातच, मग घरी नववीचा पोरगा बसवला काय नि आठवीचा काय. दुसऱ्या शाळेचीच मुलं घेतो हेही त्यात बसत नाही, कलम शिक्षकावर आहे, मुलगा कुठल्या शाळेचा यावर नाही. वर खाजगी शाळांची १९८१ ची सेवाशर्ती नियमावली आणि तुमचा नेमणूक आदेश आहे, तो कपाटातून काढून एकदा नीट वाचा.

आणि तोंडी परवानगीला काडीची किंमत नसते. मी बरीच वर्षं त्या खुर्चीत बसलोय. कुणाचं संस्थेशी बिनसलं की पहिली तक्रार शिकवणीचीच होते, आणि तेव्हा "घ्या हो" म्हणणारे हेडमास्तरच चौकशीत "मला कल्पना नव्हती" असं लिहून देतात. अंशतः अनुदानितवाल्यानं तर जास्तच जपावं, टप्पा वाढायच्या वेळी फाईलवर असलं काही नको.

मराठवाडी_बाणा:
हेडसर नियम बरोबर सांगतायत पण मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. सरकारी डॉक्टरला खाजगी प्रॅक्टिस करू नको म्हणताना व्यवसायरोध भत्ता देतात, म्हणजे त्याचं नुकसान होतं हे सरकारला मान्य आहे. शिक्षकाला काय देता? ४० टक्के पगार. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना अशी गत. २००५ च्या नोव्हेंबरनंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन पण नाही. शिक्षण सेवकांचं बघा, प्राथमिकला ६ हजारावर राबवलं कित्येक वर्षं, २०२३ मध्ये १६ हजार केले, तेही तीन वर्षं तेवढ्यावरच काढायची. उपाशी ठेवून नियम सांगायचा नैतिक अधिकार कुणाला नाही. सर तुम्ही घ्या शिकवणी, चोरी नाही करत, घाम गाळताय.

दहावीची_आई:
मी पालक म्हणून लिहिते. मराठवाडी दादा, सरांच्या पगाराबद्दल तुमचं सगळं पटतं, पण त्याची किंमत आम्ही का द्यायची? माझा मोठा मुलगा ज्या शाळेत होता (नाव नाही घेत) तिथं गणिताचे सर घरी क्लास घ्यायचे. वर्गात उदाहरण अर्धं सोडवायचे, घंटा झाली की "पुढचं संध्याकाळी". संध्याकाळी म्हणजे क्लासला. माझ्या मुलाच्या वहीत कितीतरी उदाहरणं "उकल:" एवढं लिहून तशीच कोरी आहेत, ती वही मी अजून ठेवलीय. शेवटी मी पण क्लास लावला, शिकवणं चांगलं म्हणून नाही, तर नाही लावला तर पोरगा सरांच्या डोळ्यावर येईल या भीतीनं. ज्यांच्याकडे फी भरायला नव्हती ती पोरं मागच्या बाकावर गेली, आणि त्यांना कुणी काही बोललं पण नाही, फक्त विचारणंच बंद झालं त्यांना.

सर तुम्ही तसे नसाल, पैसे परत दिलेत त्यावरूनच कळतं. पण तुमच्याच वर्गातल्या मुलाकडून फी घेतली की त्याची आई कधीच मोकळेपणानं नाही म्हणू शकत नाही, हे लक्षात घ्या.

झेडपी_गुरुजी:
ताईंचं म्हणणं शंभर टक्के. आमच्याकडे जिल्हा परिषद शाळांत शिष्यवृत्तीचे आणि नवोदयचे जादा तास आम्ही शाळा सुटल्यावर घेतो, फुकट, आणि गावात ज्या शाळेचा निकाल असतो तिथला पट टिकतो. कायद्यातच कलम २४ मध्ये आहे की प्रत्येक मुलाची कुवत बघून लागेल तिथं जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य. म्हणजे त्या मुलीला सूत्र पद्धत मधल्या सुट्टीत शिकवणं हे तुमचं कामच आहे, त्याचे वेगळे पैसे होतच नाहीत.

अडचण वेळेची आहे हे मान्य. कलम २७ म्हणतं जनगणना, निवडणूक, आपत्ती सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नका, पण निवडणुकीच्या नावाखाली बीएलओ म्हणून मतदारयादीचं काम, वर शाळेची ऑनलाईन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी हे सगळं करून मान वर निघते तेव्हा चार वाजलेले असतात. त्यात आता सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं नोकरीतल्या लोकांनाही टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) सक्तीची, आमचे पन्नाशीच्या आतले निम्मे सहकारी संध्याकाळी स्वतःच अभ्यासाला बसतात.

क्लासवाला_नाशिक:
मी छोटा क्लास चालवतो, नोकरी नाही, हेच पोट. एक बाजू कुणी लिहिली नाही ती लिहितो. माझ्याकडे शिकवायला येणारी पोरं-पोरी बीएड झालेली, टीईटी पास, टेट (शिक्षक भरतीची परीक्षा) दिलेली, पवित्र पोर्टल या सरकारी शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरच्या यादीकडे डोळे लावून बसलेली. त्यांना शिकवणी हा जोडधंदा नाही, तेवढं एकच काम आहे. ज्याला नोकरी आहे, भले ४० टक्क्यांची असो, त्यानं हेही घेतलं तर या पोरांनी काय करायचं? शिवाय शाळेच्या सरांशी आम्ही स्पर्धा करूच शकत नाही, त्यांच्या हातात २० मार्क आहेत, आमच्या हातात फक्त शिकवणं आहे. सर, तुम्हाला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाहीये, तुम्ही विचारलंत म्हणून.

खडू_फळा:
सगळ्यांचे आभार, एकेक प्रतिसाद दोनदा वाचला. दहावीची_आई, तुमचं "डोळ्यावर येईल" हे वाक्य फार लागलं, कारण त्या रुमालवाल्या बाईच्या चेहऱ्यावर तेच होतं. मराठवाडी दादा, तुम्ही माझ्या बाजूनं बोललात, बरं वाटलं, पण माझं भांडण सरकारशी आहे आणि पैसे जाणार एखाद्या शेतमजुराच्या घरातून, हे मला जमणार नाही. माझ्या वर्गातल्या, माझ्या शाळेतल्या मुलांकडून पैसे घेणार नाही हे पक्कं. दुसऱ्या शाळेचीही नाही, हेडसरांनी नियम स्पष्ट केलाच आहे.

आता एक खरी शंका. बायको डीएड आहे, लग्नाआधी बालवाडीत शिकवायची, नोकरी नाही. तिला स्वतःला तिसरी-चौथीची मुलं घ्यायचीत, मराठी वाचन-लेखन आणि पाढे-गणित. आमची शाळा पाचवीपासून आहे. हे सहकाऱ्यांसारखं "बायकोच्या नावावर" मध्ये मोडेल का?

निवृत्त_हेडसर:
ती स्वतः शिकवणार असेल तर तिचा व्यवसाय, तिला कोण अडवणार. नावावर बायको आणि फळ्यासमोर नवरा, हे चालत नाही. तेव्हा तुम्ही त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, एक बेरीजसुद्धा सांगायची नाही. फी तिच्या खात्यावर, पावती तिच्या सहीची. आणि शाळेत कुठल्याही पालकाला "मंडळींकडे पाठवा" असं चुकूनही म्हणू नका, धाकटं भावंड असलं तरी. ती मुलं पुढं पाचवीला तुमच्या शाळेत आली की त्यांचा क्लास तिथंच थांबवायचा, हे आत्ताच ठरवून ठेवा.

मराठवाडी_बाणा:
वहिनींना शुभेच्छा. सर, मी तापून लिहिलं, पण टप्प्याच्या प्रश्नावर मी मागं हटणार नाही, पुढच्या आंदोलनाला भेटू.

दहावीची_आई:
सर एक सुचवते. शाळेतच आठवड्यातून एक दिवस शंकानिरसन ठेवा, सगळ्यांसाठी उघडं, आणि सूचना फलकावर लावा म्हणजे ज्यांना विचारायची लाज वाटते ती पोरंही येतील. सहामाहीच्या आधी सुरू केलंत तर बरं, नंतर सराव परीक्षांतच वेळ जातो.

खडू_फळा:
हे सोमवारी अर्ज करून लेखी मागतो मुख्याध्यापकांकडे, शनिवारी शाळा सकाळची असते, सुटल्यावर दीड तास. त्या मुलीच्या आईलाही मुलीला तेव्हाच पाठवायला सांगतो. क्लासवाला भाऊ, एक विचारू का, तालुक्याच्या गावी तिसरी-चौथीला महिना किती फी ठेवावी? ज्यांना जमत नाही त्यांना बायको तशीच घेईन म्हणते.

क्लासवाला_नाशिक:
तुमच्या गावचा भाव मला नाही सांगता येणार, दोन-तीन ठिकाणी चौकशी करा आणि त्याच्या खाली जाऊ नका, नाहीतर आधीपासून शिकवणाऱ्या एखाद्या ताईचं नुकसान. एका वेळी दहा-बाराच्या वर मुलं नकोत, त्या वयात प्रत्येकाची वही बघावी लागते. फी महिन्याच्या सुरुवातीला, आणि फुकट कुणाला घेतलं ते बाकीच्या मुलांना कळू देऊ नका. वहिनींना वाचनाच्या पाट्या वगैरे काही लागलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडे जास्तीचा संच आहे.