अंध मावशीच्या ब्रेल वह्या आणि तिचं घर: आवरण्याआधी काय जपावं?

केतकी_७: मावशी जन्मांध. बाजार, बँक, स्वयंपाक सगळं शेवटपर्यंत एकटीनं केलं. मागे अकरा ब्रेल वह्या आणि चार कॅसेट आहेत. तिच्या आठवणींचं छोटं पुस्तक करायचंय, पण ब्रेल कुणालाच येत नाही. खोली महिनाअखेर रिकामी करायची आहे. सुरुवात कुठून करू?

टिंबटिंब: वह्यांवर वजन ठेवू नका, इस्त्री तर नकोच. टिंब जेमतेम अर्धा मिलिमीटर उंच. दबलं की अक्षर गेलं. उभ्या आणि सैल ठेवा. फोटोसाठी खोलीत अंधार करा आणि टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून डावीकडून धरा. प्रत्येक पानाला डावीकडूनच, कारण पाठपोट लिहिलेलं असेल तर उंचवटा कुठला आणि खड्डा कुठला हे सावलीवरूनच कळतं. उंचवटे वर येतील ती बाजू वाचायची; खड्ड्यांकडून पाहिलं तर सगळं आरशासारखं उलटं.

लिपी भारती ब्रेल (भारतीय भाषांची ब्रेल) असणार. प्रत्येक अक्षर सहा टिंबांच्या घरात बसतं: डावीकडे वरून खाली १-२-३, उजवीकडे ४-५-६. क म्हणजे १-३, ल १-२-३, म १-३-४. काना-वेलांटीला वेगळी खूण नाही, व्यंजनापुढे अख्खा स्वर येतो: 'की' म्हणजे क, ई. हलन्त (नुसतं टिंब ४) मात्र व्यंजनाच्या *आधी*: 'भक्ती' म्हणजे भ, ४, क, त, ई. नवखे इथेच अडतात. ३-४-५-६ म्हणजे ण, आणि तीच अंकाचीही खूण; हिशेबाच्या पानांवर हे ध्यानात ठेवा. पाटी-स्टायलसनं (ब्रेलची पाटी आणि टोचणी) लिहिताना चुकलेलं अक्षर बरेच जण सहाही टिंबं टोचून मारतात, पण सहा टिंबं म्हणजे ढ. 'वाढ', 'काढ' चुकून खोडलेलं समजू नका.

बाळू_पुणेकर: ब्रेल वाचणारं ॲप वापरलं तर?

टिंबटिंब: इंग्रजीवर ठेवून चालतं, क ला k, ल ला l देईल. फक्त संक्षेप (एका अक्षरात अख्खा शब्द) बंद करा, नाहीतर एकटा क 'नॉलेज' होऊन येतो. ळ, ण, ढ यांसारखी अक्षरं हातानंच दुरुस्त करावी लागतील.

ओटा_आणि_कट्टा: वह्या कुठे पळत नाहीत, आधी घराचे फोटो घ्या. पाहुणे आवरायला लागले की पहिली जातात ती डब्यांवरची रबरं. एक रबर साखर, दोन मीठ, अशी काहीतरी रीत असेल. झाकण उघडून आत काय आहे ते लगेच लिहा. मिक्सर, वॉशिंग मशीन, गॅसच्या बटणांवर नेलपॉलिशचे उंच ठिपके असतील, तर बोट फिरवून कुठल्या आकड्यावर आहेत ते टिपा. औषधाच्या पाकिटाला दुमडलेला कोपरा, साडीच्या आत टाचलेलं बटण, सगळं ओळीनं.

पाकिटातल्या नोटा उलगडू नका. १०० ची नवी नोट १४२ मिलिमीटर लांब, २०० ची १४६. चार मिलिमीटरचा फरक घाईत कळत नाही, म्हणून बऱ्याच जणी घडीनं ओळखतात. कुठली नोट आडवी, कुठली उभी, कुठली दुहेरी दुमडली ते लिहून ठेवा. पुस्तकात हे एक पान तरी हवंच. 'स्वाभिमानी होती' असं लिहून तिचा दिवस कसा चालायचा ते दिसत नाही.

रेडिओवाला: कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन प्लॅस्टिक पट्ट्या आधी तोडा, म्हणजे वर रेकॉर्डिंग होणार नाही. पांढरी बुरशी दिसली तर लावूच नका, प्लेअरचं हेडही खराब होतं. नसेल तर एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून मग वाजवा. आवाज दबका आला तर मधला फेल्टचा तुकडा निसटलाय का बघा. पहिल्याच वाजवण्यात कॉम्प्युटरवर घ्या, दुसऱ्यांदा टेप तुटू शकते.