वाशीची कमी चाललेली टाटामोबाइल

तुम्ही वाशीत बघितलेली १९८९ ची टाटामोबाइल पिकअप, फक्त ३८ हजार किमी म्हणतायत ना, तर मीटर पाच आकडी असेल तर तो ९९,९९९ नंतर परत शून्यावर येतो, म्हणून आकडा सोडा, पेडलची रबरं आणि सीट किती झिजलीय ते बघा. खरी भीती गंजाची, खाडीच्या हवेत वरून चकाचक पण मागच्या हौद्याखाली चेसिस, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, पोखरलेली असते, स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी हातोडीने ठोकून बघाच. मालकाला सांगा आधी चालू करून ठेवू नको, थंड इंजिनच ऐकायचं. चेसिस नंबर आरसीशी जुळवा, फिटनेस सर्टिफिकेट बघा. आणि मूळ रंग शाबूत असेल तर प्लीज रीपेंट करू नका हो, जीव तुटतो.