मदत हवी आहे: बंद बॅटरी-भट्टीशेजारचं अंगण, गरोदर बाई आणि दोन वर्षांचं लेकरू

जालन्याजवळच्या एका वस्तीत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी होती, आता बंद आहे. तिला लागूनच्या घरात पाचवा महिना लागलेली बाई आणि दोन वर्षांचं लेकरू आहे. अंगण उघडं, सारवण तिथल्याच मातीचं. माती परीक्षणाचा अहवाल आलाय, त्यात शिशाचा उल्लेखच नाही. मग माती चांगली समजायची का?

उत्तर १
मुळीच नाही. मृदा आरोग्य पत्रिकेत (शेतीसाठीच्या माती परीक्षणाच्या सरकारी अहवालात) सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि जस्त-लोहासारखी सूक्ष्म अन्नद्रव्यं असतात. शिसं त्या यादीतच नाही. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेकडे 'एकूण शिसं' असं लेखी मागा. नमुना शेतासारखा वीतभर खोल घेऊ नका. शिसं वरच्या थराला चिकटून राहतं. खालची माती मिसळली की आकडा फसवा, कमी येतो. वरची इंचभर माती घ्या, तीही प्लास्टिकच्या चमच्यानं: लेकरू खेळतं तिथली, वळचणीखालची आणि उंबऱ्याजवळची, प्रत्येक वेगळ्या पिशवीत. अमेरिकेत घराच्या अंगणासाठी 2024 पासून किलोभर मातीत 200 मिलिग्रॅम शिसं ही इशारा पातळी धरतात.

पण अहवालाची वाट बघत बसू नका, दोघांचं ब्लड लेड (रक्तातल्या शिशाची तपासणी) आधी करा. रक्त शिरेतूनच काढायला सांगा. बोट टोचलं तर कातडीवरच्या धुळीनं आकडा फुगतो. डेसिलीटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायचंच. लेकराचं 45 किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी मोठा दवाखाना.

उत्तर २
बाईला एकटीला गाठून विचारा, माती खाते का. डोहाळ्यांत भिंतीचा पोपडा, चुलीची भाजकी माती खाणाऱ्या बाया कमी नाहीत, आणि सासूसमोर कुणी कबूल करत नाही. हाडांत साठलेलं शिसं गरोदरपणात कॅल्शियमसोबत रक्तात उतरतं, वारेतून बाळापर्यंत जातं. म्हणून सरकारी दवाखान्यातल्या कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज चुकवू नयेत. लोहाची गोळीही हवीच, कारण लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढतं. फक्त दोन्ही एकत्र नकोत, मध्ये दोन तास जाऊ द्या.

अंगण खणू नका, धूळ उडेल. जाड कापड अंथरून वर दुरून आणलेला मुरूम अर्धा फूट घाला, पाणी मारून चोपा. फुकटचा भराव म्हणून भट्टीचा स्लॅग (शिसं वितळवल्यावर उरलेला मळ) कुणी आणून टाकत असेल तर घेऊ नका. सारवायला माती बाहेरची आणा. घरात कोरडा झाडू नको, ओलं फडकं फिरवा.

प्रश्नकर्ती
अंगणातली मेथी-पालक चालेल का?

उत्तर २
नको, मुळा-गाजरही नको. टोमॅटो, भेंडी नीट धुऊन चालतील. आणि लेकराच्या डोळ्यांत सुरमा घालत असतील तर तो आजच बंद करा, त्यातही बऱ्याचदा शिसं असतं.