जुन्या गाडीने लावलेले दिवे : तुमचे अनुभव लिहा

बाबांची १९९८ची प्रीमियर पद्मिनी गाडी अजून माझ्याकडे आहे. परवा रात्री माहीम कॉजवेवर डिप्पर (खाली पडणारा झोत) लावला तर उजवा दिवा झकास, डावा मात्र तेल संपत आलेल्या कंदिलासारखा तांबूस. वर कहर म्हणजे अप्पर (लांबचा झोत) लावलेला नसताना स्टिअरिंगसमोरच्या मीटरमधला, अप्परची खूण असलेला निळा दिवा मिणमिणत होता! बल्ब बदलला, ढिम्म फरक नाही. फ्यूज ठीक आहेत. पुढच्या महिन्यात आरटीओत पुन्हा पासिंग आहे. कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, सगळं वायरिंग बदला, साडेसात हजार. म्हाताऱ्या गाड्या पाळणाऱ्यांनो, तुमचे दिवे कसे गेले नि कसे आले, ते लिहा.

मीटर डाउन :
साडेसात हजार खिशातच ठेवा. आमच्याकडे दोन पिढ्या टॅक्सी होती. निळा दिवा असा मिणमिणला की वडील बोनेट उघडायच्या आधीच म्हणायचे, "अर्थ गेला," म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत नेणारी जोडणी गेली. डाव्या दिव्याची अर्थची वायर बॉडीला नीट टेकत नसली की डिप्परचा करंट दुसरी वाट शोधतो. त्याच बल्बच्या अप्पर फिलामेंटमधून उलटा जातो, तिथून उजव्या दिव्याच्या अप्परमध्ये आणि मीटरच्या दिव्यात. बारा व्होल्ट तिघांत वाटले गेले की कुणाचंच पोट भरत नाही.

खात्री करायची तर बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक वायर थेट होल्डरच्या अर्थच्या पिनेला लावा. डावा भक्कन पेटला तर चोर सापडला. मग बॉडीवरचा अर्थचा स्क्रू काढा, खालचा पत्रा चकचकीत दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, स्क्रू घट्ट करून वर व्हॅसलिन चोपडा. आपल्या खाऱ्या हवेत हे अधूनमधून करावंच लागतं.

(शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, त्या दिवशी वडील जेवताना एक अक्षर बोलले नाहीत.)

चाळकरी, गिरगाव :
आमच्याकडे उंदीर. गणपतीत गाडी दहा दिवस जागची हलली नव्हती, तेवढ्यात दोन्ही वायरी कुरतडल्या. बाकी काही नाही.

कलिना २००५ :
२६ जुलैला गाडी बोनेटपर्यंत पाण्यात होती. वाळवल्यावर दिवे लागले, आम्ही खूश. वर्षभराने एक दिवा मंदावला. व्होल्ट मोजायचा मीटर लावला तर होल्डरवर पूर्ण बारा व्होल्ट! दोन रविवार वाया गेले. शेवटी एका जुन्या मिस्त्रीने सांगितलं की बल्ब काढून व्होल्ट मोजू नका. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे वायरची एक तार शिल्लक असली तरी तो बाराच दाखवतो. बल्ब जोडून, दिवा चालू ठेवून मोजलं तेव्हा नऊ आले. वायर सोलली तर आतलं तांबं हिरवं पडून भुगा झालं होतं. अर्थही तसाच तपासता येतो: दिवा चालू ठेवून बॅटरी निगेटिव्ह आणि बल्बची अर्थची पिन यांच्यात मोजा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तिथेच गडबड आहे.

फक्त ८०० :
माझा गाढवपणाही लिहून ठेवतो. उजेड कमी वाटला म्हणून ६०/५५ वॉटचे (अप्पर/डिप्पर) काढून १००/९०चे बल्ब घातले. अप्परला दोन्ही मिळून सोळा-सतरा अँपिअर, आणि ते सगळे स्टिअरिंगखालच्या त्या इवल्याशा स्विचमधून! विक्रोळीजवळ जळका वास आला नि दोन्ही दिवे गुल. स्विचचे पॉइंट काळे, होल्डर वितळलेला. आता मूळ वॉटचेच बल्ब आहेत, पण रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) टाकलेत. बॅटरीवरून फ्यूज घेऊन जाड वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला, ८७ वरून दिव्याला. स्विचवर फक्त रिलेचा किरकोळ भार. उजेड आधीपेक्षा बराच पांढरा पडतो.

शंकेखोर :
इतकं वाचून घाबरू नका. माझा नवा बल्बच खराब निघाला होता. आधी डावा-उजवा अदलाबदल करून बघावा.

धागाकर्ता :
अदलाबदल केली, मंदपणा डावीकडेच राहिला. मग बॅटरीवरून वायर लावली आणि भक्कन! स्क्रू बॅटरीखालच्या गंजात इतका बुडाला होता की शोधायलाच अर्धा तास गेला. खर्च एका पॉलिश पेपरचा. निळा दिवा गप्प झाला. आता पंचाईत अशी की डाव्यापुढे उजवा मंद वाटतोय. उद्या त्याचा स्क्रू काढतो.