बॅगेचं वजन कमी केलं म्हणजे लोडरची पाठ वाचते का?

(विमानात सामान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या लोडरांविषयीची चर्चा. प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

चिकलठाणा रॅम्प

विमानतळावरच्या लोडरांच्या पाठीचा विषय निघाला की पहिली मागणी येते ती वजनाची. एका बॅगेला आज ३२ किलोपर्यंत मुभा आहे, ती २३ वर आणा. २३ च्या वर गेलेल्या बॅगेला 'हेवी'चा टॅग लागतोच, मग तीच हद्द का नको? मागणी चुकीची नाही. पण सगळं बळ तिच्यावरच खर्च झालं तर लोडरच्या हाती फारसं काही पडणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

देशांतर्गत साध्या तिकिटावर सहसा १५ किलो सामान फुकट असतं. म्हणजे मुंबई-दिल्लीच्या विमानात बहुतेक बॅगा आधीच २३ च्या आत असतात. नियम बदलला तर फरक मोजक्या बॅगांना पडेल. पाठ जाते ती उरलेल्या शंभरेक 'हलक्या' बॅगांनी.

ए३२० विमानाच्या पोटातला होल्ड, म्हणजे सामानाची जागा, जेमतेम सव्वा मीटर उंच. धडधाकट माणूस तिथे उभा राहू शकत नाही. दोघं आत असतात, दोघंही गुडघ्यावर. दाराजवळचा माणूस बेल्टवरून (बेल्ट लोडर या गाडीच्या तिरक्या सरकत्या पट्ट्यावरून) आलेली बॅग ओढतो, कमरेतून वळतो आणि आत सरकवतो. दुसरा ती उचलून थर लावतो. गुडघ्यावर बसलं की मांड्या आणि नितंब कामातून बाद होतात, सगळा जोर कंबर आणि खांद्यावर येतो. शेवटचा थर छताखाली कोंबायचा असतो. तिथे हात खांद्याच्या वर, मान तिरकी आणि बोटं बॅग व छताच्या फटीत.

उदाहरणादाखल १२० बॅगा धरा, सरासरी १४ किलोच्या, उतरवायला १२ मिनिटं. मिनिटाला १० बॅगा. आतल्या दोघांपैकी प्रत्येकाच्या हातून प्रत्येक बॅग जाते, त्यामुळे हे १० दोघांत वाटले जात नाहीत. प्रत्येकाच्या अंगावर साधारण १,७०० किलो, आणि लगेच तेवढंच परत भरायचं. म्हणून मागणी हवी ती माणसांची: होल्डमध्ये तिसरा माणूस, दर विमानाला जागांची अदलाबदल, आणि गुडघ्याला जाड पॅड.

मोंढा नाका

भाऊ, तुम्ही म्हणायलात ते आतल्या कामाचं पटतंय. पण मागणी कोणती धरायची यात तुमचा हिशोब चुकायलाय.

मोंढ्यावरचा, धान्याच्या बाजारातला, इतिहास बघा. एके काळी पोतं १०० किलोचं होतं. ते ५० वर आलं ते हमालांच्या संघटना वर्षानुवर्षं त्याच एका आकड्यावर अडून बसल्या म्हणून. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीपासून लातूर-जालन्याच्या मोंढ्यापर्यंत सगळ्यांना तो आकडा तोंडपाठ होता. वजन काट्यावर दिसतं. अडत्यानं, व्यापाऱ्यानं, सरकारी माणसानं कितीही वाद घातला तरी काटा खोटं बोलत नाही. माणसांची संख्या कागदावर चार दाखवायची आणि रॅम्पवर तीन उभे करायचे, हे ठेकेदाराला दोन मिनिटांचं काम आहे. एकाला 'ब्रेकवर' लिहिलं की झालं.

विमानात तर प्रत्येक बॅग काउंटरवर काट्यावरूनच जाते. अंमलबजावणीला वेगळी यंत्रणा लागत नाही. आणि मोजक्या जड बॅगांनी फरक पडत नाही हे तर मुळीच मान्य नाही. चौदा-चौदाच्या बॅगा लागोपाठ आल्यावर शरीर तेवढाच जोर लावायची सवय करून घेतं. मध्येच ३० ची आली, टॅग खालच्या बाजूला गेला किंवा पट्ट्याखाली दुमडला, तर झटका तिथेच बसतो. पाठ भरते ती सरासरीनं, उसण भरते ती त्या एका बॅगेनं.

कणा

दोघांच्याही मध्ये एक गणित ठेवतो. अमेरिकेतल्या निऑश या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेचं ओझं उचलण्याचं सूत्र १९९१ मध्ये सुधारलं गेलं. त्यात सुरुवातच २३ किलोपासून होते, पण हे २३ आदर्श स्थितीतले: ओझं अंगालगत, उंची कमरेच्या आसपास, वळणं नाही, घाई नाही. स्थिती बिघडेल तसं प्रत्येक गोष्टीसाठी गुणून कमी करत जायचं.

ट्रॉलीवरून बेल्टवर बॅग टाकणारा माणूस घ्या. बॅग अंगापासून ५० सेंटीमीटर लांब: ०.५. उचलताना हात जमिनीपासून ४५ सेंटीमीटरवर: ०.९१. कमरेतून ४५ अंश वळण: ०.८६. ट्रॉलीवर दोघं आहेत असं धरून मिनिटाला ५ बॅगा: ०.८. सगळं गुणलं की २३ चे सात किलोच्या आसपास उरतात, आणि पकड नीट नसेल तर त्याहून कमी. म्हणजे १५ ची बॅगसुद्धा दुपटीच्या वर जाते. मोंढा नाका, तुमची २३ ची मागणी मान्य झाली तरी पाठीला पुरत नाही ती अशी.

ट्रॉली बेल्टच्या टोकाशी काटकोनात लावली आणि माणूस पाय हलवून वळला, तर वळणाचा गुणक जवळजवळ १ होतो. बॅग अंगाजवळ ओढून मग उचलली, तर ०.५ चा ०.८ होतो. या दोन सवयींनी सातचे तेरा होतात, कायदा न बदलता.

चिकलठाणा रॅम्प

सूत्र मांडलंत ते बरं केलंत, पण त्याची हद्दही सांगायला हवी. ते उभ्या माणसासाठी आहे. गुडघ्यावर, बसून किंवा अडचणीच्या जागेत केलेल्या कामाला ते लागूच होत नाही, असं त्या सूत्राच्या अटींतच लिहिलंय. ट्रॉलीवरच्या माणसाला सात किलो म्हणता येतं. होल्डमधल्या माणसासाठी म्हणता येईल असा आकडाच या सूत्रातून निघत नाही. जिथे काम सर्वांत वाईट आहे तिथेच मोजमाप थांबतं.

आणि "पाय हलवून वळा" हा सल्ला गुडघ्यावरच्या माणसानं कसा पाळायचा?

बेल्ट लोडर

इथे सगळे पाठीवर बोलतायत. रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेत, माणूस मरतो तो इंजिन आणि वाहनांनी. त्यावर उपाय एकच: शिस्त आणि प्रशिक्षण. माणसं वाढवली तर उलट धोक्याच्या जागेत जास्त माणसं.

क्रम ठरलेला आहे. विमान थांबेपर्यंत सगळ्यांनी खुणेच्या रेषेबाहेर. इंजिनं बंद, मग पोटाखालचा लाल बीकन बंद, मग चाकांना चॉक (अडसर), मग इंजिन आणि पंखांच्या टोकांशी इशाऱ्याचे कोन (शंकू), आणि त्यानंतरच बेल्ट लोडर हलवायचा. तोही विमानापासून लांब एकदा पूर्ण थांबवून ब्रेक तपासायचा आणि मग खुणा करणाऱ्या माणसाच्या इशाऱ्यावर पुढे घ्यायचा. पट्ट्याचं टोक विमानाला टेकवायचं नाही. सामान उतरलं की विमान वर उठतं, भरलं की खाली बसतं. टेकवून ठेवलेलं टोक दाराच्या चौकटीत घुसतं. ए३२० च्या होल्डचं दार जमिनीपासून दोन मीटरच्या आसपास असतं, त्यामुळे बाजूचा कठडा वर केल्याशिवाय पट्ट्यावर चढायचं नाही, आणि चालत्या पट्ट्यावर तर कधीच नाही.

ट्रॉली टगला (ती ओढणाऱ्या ट्रॅक्टरला) जोडताना चालकानं उतरून जोडायची. एकानं मागे घ्यायचं आणि दुसऱ्यानं हातानं दांडा धरून कडी हुकात बसवायची, ही पद्धत बोटं घालवते. कडी आणि हूक यांच्यात बोट आलं आणि टग चार इंच सरकला, एवढं पुरतं. यातलं काहीही माणसं वाढवून सुटत नाही.

मोंढा नाका

क्रम बरोबर आहे, पण "उपाय एकच: प्रशिक्षण" हे कसं काय? ३१ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेत अलाबामातल्या माँटगोमेरीला एम्ब्राएर १७५ च्या चालू इंजिनात रॅम्पवरची कर्मचारी ओढली गेली आणि मेली. विमानाचा एपीयू, म्हणजे उभ्या विमानाला वीज देणारं छोटं इंजिन, बंद होता, म्हणून थांबल्यावरही इंजिनं चालू ठेवली होती. विमान येण्याच्या दहाएक मिनिटं आधी सुरक्षेची सूचना दिली होती, अगदी येण्यापूर्वी पुन्हा एकदा सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं. दोनदा सांगूनही झालं.

हे आपल्याला लांबचं नाही. नांदेडला २०२४ पासून याच जातीची विमानं आली. या विमानाची इंजिनं पंखाखाली, जमिनीच्या फार जवळ असतात. आणि मुंबईला १६ डिसेंबर २०१५ ला विमान ढकलून मागे घेताना इंजिनात ओढला गेलेला माणूस तर जाणकार तंत्रज्ञ होता.

बेल्ट लोडर

माँटगोमेरीत सूचना पाळली गेली नाही, म्हणूनच शिस्त हवी असं मी म्हणतो.

कणा

सूचना पाळली का गेली नाही हा प्रश्न आहे. कानाला मफ लावलेला असतो, आजूबाजूला एपीयू, टग, जनरेटर. अशा गोंगाटात चालू इंजिन कानाला वेगळं कळत नाही. त्यात रोजच्या सवयीनं पाय कोन घेऊन आपोआप पुढे जातात. म्हणून एपीयू बंद असल्याचा निरोप आला की कोनच बाहेर काढायचे नाहीत. ट्रॉलीवर बांधून ठेवायचे आणि त्यांची चावी त्या विमानाच्या एकाच जबाबदार माणसाकडे. हात रिकामा असेल तर पाऊल पुढे जात नाही. असा अडसर कामाच्या क्रमातच बसवावा लागतो, तो भिंतीवरच्या फलकानं होत नाही.

गोदाकाठ

वजन, माणसं, शिस्त, तिन्ही महत्त्वाची. पण तिन्हींच्या खाली जे आहे त्याला अजून कुणी हात घातला नाही. लोडरची इजा कागदावर येतच नाही.

लोडर सहसा ठेकेदाराचा. आत जायचा पास नागरी विमान सुरक्षा ब्युरोचा, पण अर्ज कंपनीमार्फत. काम सुटलं की पास परत. नवीन पास म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा पोलिस पडताळणी, तोवर घरी. उसण भरली तर तो मलम लावतो, दोन दिवस दांडी मारतो आणि परत येतो. कामावर काही झालं हे वरच्या कार्यालयाला कळतच नाही. तिकडे अहवालात शून्य अपघात. मग तुमची तिसऱ्या माणसाची मागणी कशाच्या जोरावर मांडणार?

२१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला लोडर ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विम्यात, बसतो. इथे नोंद कशी होते त्यावर पैसे ठरतात. उसण साधा आजार म्हणून दाखवली तर पगाराच्या ७० टक्के, तेही आधी ७८ दिवसांचं अंशदान झालं असेल तर. कामावरची इजा म्हणून नोंदली तर ९० टक्के, आणि अंशदानाच्या दिवसांची अट नाही. फक्त अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद असावं लागतं. नव्यानं लागलेल्या पोरासाठी हा फरक म्हणजे काहीतरी मिळणं आणि काहीच न मिळणं.

चिकलठाणा रॅम्प

गोदाकाठ, हे मान्य. पण पाठ हळूहळू झिजते, तिला 'अपघात' कसं म्हणणार? ऐकू येणं कमी झालं तर आवाजामुळे आलेला बहिरेपणा व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. पाठीला तशी जागा नाही.

गोदाकाठ

म्हणूनच झटका बसला त्या क्षणाची नोंद हवी. "कंबर दुखते" लिहू नका. तारीख, वेळ, विमानाचा क्रमांक, होल्डचा कप्पा, बॅगेच्या टॅगचा क्रमांक आणि टॅगवरचं वजन, काय करताना कळ आली, जवळ कोण होतं, एवढं त्याच पाळीत अपघात नोंदवहीत लिहून घ्यायचं आणि पानाचा फोटो ठेवायचा. "सकाळी ७.४०, मागचा होल्ड, कप्पा ४, २८ किलोची बॅग छताखाली चढवताना डाव्या कमरेत कळ, तिथून वळता आलं नाही." असं लिहिलेलं नाकारणं ठेकेदाराला जड जातं. दवाखान्यात डॉक्टरांनाही हेच शब्द सांगायचे. केसपेपरवर "जुनी पाठदुखी" एकदा पडलं की ते खोडणं कठीण.

मोंढा नाका

बघा, यातही टॅगवरचं वजन आलंच! तेवढ्यासाठी तरी हद्द २३ ची करा. ३२ ची मुभा असताना २८ च्या बॅगेनं कंबर गेली तर कंपनी म्हणणार, बॅग नियमात होती. हद्द २३ असेल तर २८ ची बॅग आत आलीच कशी, याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल.

चिकलठाणा रॅम्प

या कारणासाठी २३ ला माझा पाठिंबा. हे डोक्यात आलं नव्हतं. पण मागणीपत्रात ती एकटी जाऊ नये. तिच्याच ओळीत होल्डमधला तिसरा माणूस, आणि तो कागदावर राहू नये म्हणून प्रत्येक विमानाच्या लोडिंगच्या कागदावर होल्डमध्ये प्रत्यक्ष कोण होतं त्यांच्या सह्या. तो कागद विमानागणिक बनतोच, सामान कोणत्या कप्प्यात किती ते त्यावर लिहावंच लागतं. त्यावरच होल्डमधल्या तिघांच्या सह्यांची जागा करायची. ब्रेकवर दाखवलेला माणूस सही कुठून करणार?

बेल्ट लोडर

सह्यांचं पटलं. फक्त तिसरा माणूस आत जागा अडवून बसू नये. रिकाम्या होल्डमध्ये तिघं मावतात, एक दारात, एक मध्ये, एक टोकाला, आणि मधल्यामुळे दारातल्याला फेकायची गरज उरत नाही. होल्ड भरत आला की मधल्यानं बाहेर यायचं, नाहीतर बॅगा आणि दार यांच्यात एकजण अडकतो. हेही मागणीपत्रात लिहा. आणि मे महिन्यात ४२ अंशाला उन्हात उभ्या विमानाच्या होल्डमध्ये सलग कुणी किती मिनिटं राहायचं ते मागणीपत्रात अजून आलंच नाही. मधल्यानं बाहेर यायची वेळ हीच पाणी प्यायची वेळ धरा, म्हणजे तिघांचीही पाळी ठरते.